पळस्प्याच्या पुढची वाट : एक प्रतिवाद

श्रावण सरत आला, की ठाण्याच्या नौपाड्यात, डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर, कल्याणच्या वाचनालयांत आणि सकाळच्या लोकलच्या डब्यांत एक मत दरवर्षी नव्या जोमाने मांडले जाऊ लागते. आणि ते मांडणारी माणसे बहुधा शिकलेली, सुस्वभावी व सार्वजनिक हिताविषयी आस्था बाळगणारी असल्यामुळेच त्या मताचा सविस्तर प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते. या मंडळींचे म्हणणे असे, की गणेशचतुर्थीला कोकणातील गावी पोहोचण्यासाठी मुलाबाळांना व वृद्धांना घेऊन मुंबई-गोवा महामार्गावर रात्रच्या रात्र काढणे हा निव्वळ भावनेच्या आहारी जाण्याचा प्रकार आहे. कोकण रेल्वे आहे तिने जावे, तिचे तिकीट न मिळाल्यास आपल्या सदनिकेतच मूर्ती आणून पूजावी, आप्तांना भेटायचेच असेल तर थंडीच्या दिवसांत मोकळ्या रस्त्याने जाऊन यावे. आणि रस्त्याची अवस्था ठाऊक असूनही जो त्यावर आपली गाडी घालतो, त्याने वडखळच्या वा माणगावच्या कोंडीत अडकल्यावर कोणापाशीही गाऱ्हाणे मांडू नये.

यांतील एकेक विधान सुटे घेतले तर वाजवी वाटते. पण सारी एकत्र ठेवली म्हणजे त्यांतून जो निष्कर्ष निघतो तो असा, की रस्ता ज्यांनी मुदतीत बांधला नाही त्यांना कोणी जाब विचारायचा नाही, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्याने मात्र आपण का निघालो याचा खुलासा करायचा. माझा पक्ष याच्या नेमका उलट आहे. हा प्रवास हौसेचा नाही. त्याच्यामागे मुंबई शहर आणि कोकणपट्टी यांच्यातील शतकाहून जुना असा एक व्यवहार आहे. त्या व्यवहारातील आपली बाजू चाकरमानी आजही पदरमोड करून पाळीत आहे, आणि दुसरी बाजू ज्या शासनाने पाळायची त्याने ती पाळलेली नाही.

हा व्यवहार कोणता, हे समजण्यासाठी ठाण्यापासूनच आरंभ करावा लागेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला पोहोचली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला गेली, आणि तेथून तिचे फाटे सह्याद्रीचे दोन्ही घाट चढून देशावर व खानदेशाकडे गेले, कारण कापूस तिकडे पिकत होता. दक्षिणेकडे, रत्नागिरीच्या बाजूला, कापूस नव्हता, माणसे होती. ती माणसे आगबोटीने आली, गिरण्यांच्या साच्यांवर उभी राहिली, गोदीत हमाल झाली, कचेऱ्यांत शिपाई व कारकून झाली, आणि त्यांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या शहराला ती माणसे परत घरी जाण्यासाठी लोहमार्ग बांधण्याची निकड जवळजवळ दीडशे वर्षे भासली नाही. ठाण्याला १८५३ मध्ये पोहोचलेली गाडी रत्नागिरी-सावंतवाडीमार्गे सलग दक्षिणेकडे धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. मधल्या काळात किनाऱ्याच्या आगबोटी पावसाळ्यात बंद राहत, आणि भाद्रपद तर पावसाळ्यातच येतो. तेव्हा भाद्रपदात घरी जाणे म्हणजे रस्त्याने जाणे, हे समीकरण चाकरमान्याने आपल्या लहरीने निर्माण केलेले नसून इतिहासाने ते त्याच्या माथी मारलेले आहे.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्यांचे भोंगे एकामागून एक कायमचे थांबले, आणि परळ-लालबागच्या चाळींतून उठलेली ही कुटुंबे दिवा, डोंबिवली, कल्याण, बदलापूर अशी लोहमार्गाच्या कडेने पसरत गेली. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती सुमारे साडेबारा लाख भरली. याच जनगणनेतील आणखी काही आकडे आपल्या उपदेशक मित्रांनी एकदा शांतपणे वाचावेत अशी माझी विनंती आहे. २००१ ते २०११ या दशकात तत्कालीन ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ३५ टक्क्यांहून अधिक वाढली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची सुमारे २.२ टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया असताना रत्नागिरीत त्या १,१२२ होत्या. स्त्रियांचा आकडा इतका चढतो तो त्या जिल्ह्याचे कर्ते पुरुष परजिल्ह्यात राबत असतात म्हणून. ज्या प्रदेशाने आपले कमावते हात इतक्या प्रमाणात आपल्या शहरांना दिले, त्या प्रदेशाकडे ते हात वर्षातून एकदा परत जाऊ पाहतात, तेव्हा त्यांना घरी बसण्याचा सल्ला देणे मला न्यायाचे वाटत नाही.

आता ते हात घरी जाऊन करतात काय, याविषयीचे अज्ञान या सर्व मतप्रदर्शनाच्या मुळाशी आहे, आणि म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. कोकणातील मूळ घराचा गणपती हा एका बिऱ्हाडाचा नसतो. त्याचा पाट आषाढ-श्रावणातच गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पोहोचता केलेला असतो. तो पाट आजोबांच्या, कधी पणजोबांच्या काळचा असतो, आणि त्यावर बसून येणारी मूर्ती ज्या घरात पुजली जाते त्या घराचे चार-सहा हिस्सेदार डोंबिवली, नालासोपारा, पुणे, बडोदे अशा ठिकाणी विखुरलेले असतात. एका भावाकडे वर्षाचे वर्तन असते, दुसऱ्याकडे गौरीचा खर्च असतो, तिसऱ्याने भजनी मंडळींच्या उसळी-चहाचे पाहायचे असते. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनेचा पहिला ओवसा त्याच घरच्या गौरीपुढे व्हायचा असतो; तो कल्याणच्या तिसऱ्या मजल्यावर करण्याची रीत नाही, कारण ज्या जावा-नणंदांच्या व गावच्या वडीलधाऱ्यांच्या साक्षीने ती सून घराची होते ती माणसे तिसऱ्या मजल्यावर नसतात.

पण धर्मकृत्याचा भाग क्षणभर बाजूला ठेवू. कारण ज्यांना तो मान्य नाही त्यांच्याशीही मला याच मुद्द्यावर बोलायचे आहे. त्या पाच-सात दिवसांत त्या ओटीवर कुटुंबाचा सारा व्यवहार निकाली निघत असतो. पश्चिमेची भिंत या पावसात टिकली, पुढच्या पावसात टिकेल काय. कौले परतायची की पत्रे घालायचे, आणि त्याची वर्गणी कोणी किती द्यायची. कलमांच्या बागेचा मक्ता कोणास व किती वर्षांसाठी द्यायचा. थोरल्या काकांच्या मागे सातबाऱ्यावरची वारसनोंद अजून का झाली नाही, आणि फेरफारासाठी कोणाची संमती हवी. २००५ च्या कायद्याने बहिणींनाही मुलग्याबरोबरीचा हिस्सा मिळाल्यावर त्यांना विचारल्यावाचून कोणताही कागद पुढे सरकत नाही, तर त्या बहिणी केव्हा एकत्र मिळणार. एकट्या राहणाऱ्या काकूला आता डोळ्यांना कमी दिसू लागले आहे, तिला पावसाळ्यापुरते कोणी न्यायचे. कोणाच्या मुलीसाठी कोठले स्थळ पाहायचे: हे प्रश्न दूरध्वनीवर सुटत नाहीत, कारण दूरध्वनीवर जो तो आपापले म्हणणे मांडतो व पडलेल्या भिंतीसमोर मात्र कोणीच उभे नसते. सामायिक मालमत्तेचे हिस्सेदार एका वेळी एका जागी हजर राहण्याचा वर्षातला हा एकच प्रसंग कोकणी समाजाने परंपरेने राखून ठेवला आहे. तो मोडला तर घर मोडते, हे मी आजूबाजूच्या गावांत पाहिलेले आहे: एक वर्ष कोणी आले नाही, दुसऱ्या वर्षी एकच आला, तिसऱ्या वर्षी पडवी बसली, आणि मग त्या घरठाणाचे गिऱ्हाईक कोठल्या तरी दूरच्या शहरातून आले.

म्हणूनच थंडीत जाऊन या, हा सल्ला मला निरर्थक वाटतो. थंडीत एक जाऊ शकतो. सर्व जाऊ शकत नाहीत. एकाची रजा डिसेंबरात असते, दुसऱ्याची मेमध्ये, तिसऱ्याच्या मुलाची परीक्षा फेब्रुवारीत असते; सर्वांना मिळून लाभणारी तिथी चतुर्थीचीच, आणि ती मिळावी म्हणून कित्येक जण वर्षभर एकही रजा न घेता ती साठवून ठेवतात. मुलाबाळांना तरी कशाला दगदग, असे विचारणाऱ्यांना मी इतकेच म्हणेन, की डोंबिवलीत जन्मलेल्या मुलाला आपले चुलत भाऊ नावाने व चेहऱ्याने ओळखीचे व्हावेत यासाठी दुसरी कोणतीही सोय या समाजाजवळ उरलेली नाही.

राहिला रेल्वेचा मुद्दा, आणि तो सर्वांत अधिक आत्मविश्वासाने मांडला जातो म्हणून त्याचा तपशीलच पाहू. कोकण रेल्वेचे कार्य मला परम आदरणीय आहे. परंतु रोह्यापासून मंगळुरापर्यंतच्या ७४१ किलोमीटरांच्या या मार्गाचे दुपदरीकरण २०२१ पर्यंत झाले ते रोहा ते वीर एवढ्या सुमारे ४७ किलोमीटरांचे. बाकी बहुतेक मार्ग एकेरी, म्हणजे समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत आपली गाडी स्थानकात उभी. त्यात पावसाळी वेळापत्रकाने वेग आणखी उतरलेला. अशा मार्गावर शेकडो विशेष फेऱ्या सोडूनही त्याची धारणशक्ती संपते, आणि आरक्षण खुले होताच काही मिनिटांत प्रतीक्षायादी लागते, हे प्रत्येक घराने अनुभवलेले आहे. पूर्वी हे आरक्षण १२० दिवस आधी करावे लागे, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. पण मुदत बदलल्याने आसने वाढत नाहीत.

शिवाय कल्याण-डोंबिवलीकराच्या दारावरून ही रेल्वे सहसा जात नाही, ही गोष्ट ठाण्यात राहणाऱ्या आपल्या मित्रांच्या ध्यानात येत नसावी. कोकणच्या बहुतेक गाड्या ठाण्याला थांबतात व दिव्याहून पनवेलच्या दिशेने वळतात. कल्याणच्या माणसाने सामानसुमान, पेट्या, मखराचे साहित्य आणि गुडघे धरलेली आई यांच्यासह आधी भरलेल्या लोकलने उलट ठाण्याला किंवा दिव्याला यायचे, आणि त्या गर्दीच्या फलाटावर पुन्हा दुसरी गाडी पकडायची. तेही केले, तरी मंडणगड, दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ले या तालुक्यांना लोहमार्गाचा स्पर्शच नाही. खेडला उतरलेला दापोलीकर आणि चिपळूणला उतरलेला गुहागरकर शेवटी रस्त्यावरच येतो. २०२५ च्या गणेशोत्सवात मोटारी मालगाडीवर चढवून कोलाडहून गोव्यात वेर्ण्यास नेण्याची सेवा कोकण रेल्वेने प्रत्येक मोटारीस ७,८७५ रुपये भाड्याने सुरू केली, पुढे नांदगावचा थांबाही जोडला. कल्पनेचे मी स्वागत करतो. मात्र तिचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या डोंबिवलीकराला प्रथम पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे हा सर्वांत रखडलेला टप्पा स्वतःच ओलांडून कोलाडला पोहोचणे भाग आहे, आणि ज्याचे गाव चिपळूण वा संगमेश्वर तालुक्यात आहे त्याला नांदगावला उतरून मागे फिरावे लागेल.

खासगी मोटारींच्या संख्येवर जे बोट ठेवतात त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. दोन माणसांसाठी एक मोटार नेणे योग्य नव्हे. झोप मोडून, वळणावर दुसऱ्यास मागे टाकण्याच्या घाईने गाडी हाकणे तर अक्षम्य आहे. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांनी हेही पाहावे, की या प्रवाशांतील फार मोठा वर्ग एस. टी.ने जातो. २०२५ मध्ये राज्य परिवहन महामंडळाने गणेशोत्सवासाठी सुमारे पाच हजार जादा गाड्या सोडल्या; त्यांतील कित्येक ग्रामस्थ मंडळांनी संपूर्ण गाडी आरक्षित करून नेलेल्या असतात, आणि ठाणे, कल्याण, विठ्ठलवाडीहून त्या रांगेने सुटतात. सार्वजनिक वाहनाने जा, असे सांगितले तर हा प्रवासी म्हणेल, जातोच आहे. ही गाडीही त्याच रस्त्याने जाते, त्याच खड्ड्यांतून जाते, आणि तिच्यात बसलेली सत्तरीची म्हातारी मोटारीतल्यापेक्षा अधिक हालांत जाते.

तेव्हा आता रस्त्याकडेच वळू. पळस्पे ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरांच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. पुढील टप्प्यांचे ठेके नंतर दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली, सरकारपक्षाने मुदती लिहून दिल्या, त्या टळल्या, नव्या मुदती दिल्या गेल्या, त्याही टळल्या. २०२५ ची चतुर्थी आली तेव्हाही रस्ता पुरा झालेला नव्हता. जे मूल काम सुरू झाले त्या वर्षी जन्मले, ते चौदा वर्षांचे होऊन त्याच धुळीतून आजीकडे गेले. मधल्या काळात २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या आपल्या प्रवाशांसह वाहून गेल्या. परशुराम घाट २०२२ मध्ये दरडींच्या भयाने वारंवार बंद ठेवावा लागला. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर उड्डाणपुलाचे बांधकाम चालू असतानाच त्याचा भाग खाली आला. कशेडीच्या बोगद्याची एक बाजू २०२३ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर खुली झाली, त्याचा आनंद आम्हांला झाला व तो मी नाकारीत नाही.

या दिरंगाईचे समर्थन करताना कोकणचा पाऊस, जांभ्याची ठिसूळ भूमी, कर्नाळ्याचे अरण्य आणि भूसंपादनाचे तंटे पुढे केले जातात. अडचणी खऱ्या आहेत. पण त्याच पावसात, त्याच भूमीत, नव्वदांहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल बांधीत कोकण रेल्वे महामंडळाने १९९० ते १९९८ या अवधीत संपूर्ण लोहमार्ग उभा केला. ज्या सावित्रीवर पूल पडला तिच्यावरच नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये, वाहतुकीस खुला झाला, कारण त्या वेळी सबंध राज्याची दृष्टी त्याच्यावर खिळलेली होती व कोणत्याही दप्तरात तो कागद पडून राहणे शक्य नव्हते. आणि दूर कशाला जायचे? २०१५ मध्ये जाहीर झालेला नागपूरचा समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर लांबीचा, बहुतांश नव्या भूमीवरून नेलेला, ५ जून २०२५ रोजी आमच्याच ठाणे जिल्ह्यातील आमणे येथपर्यंत पुरा होऊन उघडला. नागपूरकरांच्या सोयीचा मला आनंदच आहे. परंतु आमण्याहून कल्याण घटकाभराच्या अंतरावर आहे. त्या कल्याणचा माणूस जेव्हा त्याच वर्षीच्या भाद्रपदात माणगावच्या बाजारपेठेत तासन्तास उभा राहतो, तेव्हा पर्जन्यमान व मृत्तिका यांच्या नावाने केलेली कैफियत त्याने खरी का मानावी?

महामार्ग जिथे सुरू होतो त्या पळस्प्यालाच आमचा प्रवास सुरू होतो असे धरून चालणाऱ्या शासकीय नियोजनाविषयीही येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. डोंबिवलीकराची खरी सुरुवात काटई नाक्यावर होते. शिळफाट्यापर्यंतचा कल्याण-शीळ रस्ता, तेथे मुंब्रा वळणरस्त्याने उतरणारी अवजड वाहने, पुढे तळोजे व कळंबोली. बाप्पाच्या वाटेला लागलेली गाडी महामार्ग दिसण्यापूर्वीच एवढ्या फेऱ्यात सापडते. चतुर्थीच्या आधीच्या दिवसांत महामार्गावर अवजड वाहनांना बंदीचा हुकूम निघतो. मग ती वाहने जिथे अडवून ठेवली जातात त्या रस्त्यांवरूनच आम्हांला बाहेर पडायचे असते, ही गोष्ट कोणत्याही परिपत्रकात विचारात घेतलेली मी पाहिली नाही.

पण या हुकुमातच माझ्या पक्षाला बळकटी देणारा पुरावा आहे. शासन दरवर्षी कोकणात जाणाऱ्या वाहनांना पथकर माफ करते, त्यासाठी परवाने वाटते, मालवाहतूक रोखते, घाटांत पोलीस व रुग्णवाहिका उभ्या करते. हा प्रवास खासगी हौस असता तर यांतले काही करण्याचे त्याला कारण नव्हते. म्हणजे प्रवासाची सार्वजनिक आवश्यकता शासनास स्वतःच कबूल आहे; फक्त त्या कबुलीपोटी जो रस्ता द्यावयाचा तो न देता त्याऐवजी पथकराची सूट दिली जाते.

आणखी एका वर्गाशी माझा मतभेद आहे, आणि तो आमच्या स्तुतिपाठकांशी. बारा तासांच्या कोंडीत भजन म्हणणाऱ्या मंडळींचे छायाचित्र छापून श्रद्धेपुढे खड्डेही हरले अशा अर्थाचा मथळा देणारे, आणि असे प्रवास करू नका म्हणून बजावणारे, या दोघांचा परिणाम एकच होतो. दोघेही वाचकाची नजर रस्त्यावरून काढून प्रवाशाच्या स्वभावावर नेऊन ठेवतात. कोंडीत माणसे भजन म्हणतात ती मुले रडू नयेत म्हणून, आणि पाणी संपलेले असते म्हणून. त्यांना सहनशीलतेचे प्रशस्तिपत्र नको आहे.

त्यांना हवे आहे ते फार साधे, लेखी स्वरूपाचे आणि पडताळून पाहता येण्याजोगे आहे: टप्प्याटप्प्याने रस्ता केव्हा पुरा होणार याची तारीख, त्या टप्प्याला जबाबदार अभियंत्याचे नाव आणि ठेकेदाराचे नाव, मुदत टळल्यास वसूल केलेल्या दंडाची रक्कम, आणि ही सर्व माहिती प्रत्येक तालुक्याच्या एस. टी. स्थानकावर मराठीत लावलेली. कोकण रेल्वेचे दुपदरीकरण वीरच्या पुढे केव्हा जाणार, आणि खुद्द कल्याणहून सुटून कोकणात जाणारी गाडी गणेशोत्सवापुरती तरी का सोडता येत नाही, याचेही उत्तर हवे आहे. आम्हांला घरी बसण्याचा सल्ला देणारे आमचे शेजारी अर्ज लिहिण्यात, आकडे मांडण्यात आणि अधिकाऱ्यांशी जाबसाल करण्यात आमच्यापेक्षा पुष्कळ वाकबगार आहेत. श्रावणात आम्हांला समजावण्यात ते जितका वेळ देतात तितका त्यांनी या अर्जांना द्यावा, खाली आमच्यासोबत सही करावी, आणि उत्तर येईपर्यंत आमच्याबरोबर तगादा लावावा.